वाचकांचे प्रश्न : नोंद नेमकी कोणत्या दिवसाची?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाचे आहेत. रुबी या संगणकभाषेत, विशेषतः रेल्स या तिच्यातील तयार चौकटीवर लिहिलेल्या प्रणालीत, डेटाबेसमधील नोंदी त्यांच्या निर्मितीच्या किंवा बदलाच्या तारखेनुसार कशा निवडाव्यात, असे वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. रेल्समधील अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड हा भाग दोन रकाने आपण होऊन भरतो, हे बहुतेकांना ठाऊक असेल. नोंद पहिल्यांदा जतन होते ती वेळ ‘क्रिएटेड_अ‍ॅट’ या रकान्यात जाते आणि त्यानंतरच्या बदलाची वेळ ‘अपडेटेड_अ‍ॅट’ या रकान्यात. संगणकीय नावे येथे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष लिहिताना ती रोमन लिपीत, अधोरेषांसह लिहावीत.

प्रश्न : आमच्या गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी रेल्सवर एक छोटी प्रणाली लिहिली आहे. पहाटे पाच वाजता संकलन सुरू होते. ‘आजचे संकलन’ या यादीत पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात कालच्याही नोंदी दिसतात आणि साडेपाच वाजले की सगळी यादी एकदम रिकामी होते. त्या अर्ध्या तासात दूध घातलेल्या उत्पादकांची नावे दिवसभर आजच्या यादीत येत नाहीत. पडद्यावर नोंदीची वेळ मात्र बरोबर दिसते. यादीसाठी मी क्रिएटेड_अ‍ॅट रकान्याला डेटाबेसचे ‘डेट’ हे फंक्शन लावतो आणि येणारी तारीख ‘डेट.टुडे’शी जुळवतो. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपण साडेपाचची वेळ इतकी काटेकोरपणे टिपली आहे की, दोष शोधण्याचे निम्मे काम आपल्या पत्रातच झाले आहे. रेल्स डेटाबेसमध्ये सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, साठवते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. आपल्याकडे १५ ऑगस्टची मध्यरात्र होते, तेव्हा डेटाबेसच्या लेखी १४ ऑगस्टचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि डेटाबेसची स्वतःची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला होते. आपण प्रणालीच्या मांडणीत टाइमझोन ‘मुंबई’ असा दिला असणार, म्हणून पडद्यावर वेळ बरोबर दिसते. त्या मांडणीने नोंद रुबीमध्ये आल्यानंतर दाखवली जाणारी वेळ बदलते, साठवलेली वेळ बदलत नाही. ‘डेट’ हे फंक्शन डेटाबेसच्या आत चालते, त्याला मुंबईची काहीच माहिती नसते, आणि ते यूटीसीची तारीख काढून मोकळे होते.

यात ‘डेट.टुडे’ची भर पडली आहे. ही रुबीची मूळ मेथड (तयार आज्ञा) असून ती सर्व्हरच्या घड्याळाची तारीख देते, आणि भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा यूटीसीवरच चालतात. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्या सर्व्हरवर कालचीच तारीख असते. म्हणून कालच्या नोंदी आणि पहाटेच्या नव्या नोंदी एकत्र दिसतात. साडेपाचला सर्व्हरची तारीख बदलते आणि यादी रिकामी होते. आपल्याला हवी ती मेथड ‘डेट.करंट’ ही आहे, कारण ती रेल्सच्या मांडणीत दिलेला टाइमझोन पाळते. त्याचप्रमाणे ‘टाइम.नाउ’ऐवजी ‘टाइम.करंट’ लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

निवड करताना रकान्याला कोणतेही फंक्शन न लावता दिवसाची सुरुवात आणि शेवट या दोन वेळा द्याव्यात. ‘व्हेअर’ या मेथडमध्ये क्रिएटेड_अ‍ॅटपुढे ‘डेट.करंट.ऑल_डे’ लिहिले की मुंबईच्या मध्यरात्रीपासून दिवसअखेरपर्यंतची रेंज (पल्ला) तयार होते, रेल्स तिचे यूटीसीत रूपांतर करते आणि डेटाबेसला १४ तारखेच्या साडेसहापासून पुढच्या चोवीस तासांचा पट्टा मिळतो. ऑल_डेप्रमाणेच ऑल_वीक, ऑल_मंथ, ऑल_क्वार्टर आणि ऑल_इयर याही मेथडी आहेत. आपल्या संस्थेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असेल, तर ऑल_इयर उपयोगाची नाही, कारण ती जानेवारी ते डिसेंबर मोजते. ऑल_क्वार्टर मात्र चालते, कारण एप्रिल ते जून ही तिमाही दोन्ही पद्धतींत सारखीच आहे.

आपला दोष एवढ्याने दूर होईल. तरीही माझे आग्रहाचे सांगणे असे की, संकलनाच्या हिशेबासाठी क्रिएटेड_अ‍ॅट वापरूच नये. संगणकात ओळ केव्हा लिहिली गेली, एवढेच तो रकाना सांगतो. दूध केव्हा घातले हे तो सांगत नाही. पहाटे वीज गेली, केंद्रावरील व्यक्तीने वहीत मापे लिहून घेतली आणि दुपारी ती संगणकात भरली, तर तो रकाना दुपारची वेळ दाखवेल. संध्याकाळचे संकलन दुसऱ्या दिवशी भरले, तर तारीखही चुकेल, आणि फॅट व एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून इतर घन घटक) यांनुसार ठरलेला दर त्या दिवशी बदललेला असेल, तर उत्पादकाला मिळणारे पैसेही चुकतील. त्यामुळे ‘संकलनाची तारीख’ आणि ‘सकाळ की संध्याकाळ’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, ते भरणाऱ्याच्या हाती असावेत, आणि उत्पादकाचे बिल त्यांच्यावरूनच निघावे. तारखेचा रकाना ‘डेट’ प्रकारचा ठेवला की टाइमझोनचा प्रश्नच उरत नाही, कारण त्यात वेळ नसतेच. क्रिएटेड_अ‍ॅट हा तपासणीसाठी राहू द्यावा. नोंद उशिरा भरली गेली का, हे पाहण्यासाठी तो फार मोलाचा आहे.

दुरुस्ती केल्यावर तिची चाचणीही लिहावी. रेल्सच्या चाचण्यांत ‘ट्रॅव्हल_टू’ ही मेथड घड्याळ हव्या त्या क्षणाला नेऊन ठेवते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटे आणि रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटे, असे दोन क्षण तपासले तरी पुरे. दुपारी बारा वाजता चालवलेली चाचणी हा दोष कधीच पकडणार नाही, कारण दुपारी दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते.

प्रश्न : अहवालाच्या पानावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा मागवतो. वापरणाऱ्याने १ ते ३१ तारीख निवडली, तर ३१ तारखेच्या नोंदी येत नाहीत. शेवटच्या तारखेला २३ तास ५९ मिनिटे जोडणे योग्य आहे काय? दोन्हीपैकी एक तारीख रिकामी सोडली तर काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तारीख आणि वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेच्या रकान्याशी नुसती तारीख ताडून पाहिली की तिचा अर्थ त्या तारखेची मध्यरात्र, म्हणजे दिवसाचा पहिला क्षण, असा घेतला जातो. त्यामुळे ३१ तारखेचा तो एक क्षण तेवढा मिळतो आणि उरलेला दिवस गळतो.

२३ तास ५९ मिनिटे जोडू नयेत. त्याने दिवसाचे शेवटचे मिनिट निसटते. ५९ सेकंद जोडले, तर शेवटच्या सेकंदाचे अंश निसटतात, आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत साठवली जाते. दिवसाचा शेवटचा क्षण शोधण्याऐवजी दुसऱ्या दिवसाचा पहिला क्षण घ्यावा आणि तो क्षण रेंजमधून वगळावा. रुबीमध्ये यासाठी सुंदर सोय आहे. दोन टिंबांची रेंज शेवटचे टोक धरते, तीन टिंबांची रेंज ते सोडून देते. रेल्स पहिल्या प्रकारापासून ‘बिटवीन’ असलेली क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बनवते आणि दुसऱ्यापासून ‘याच्याइतके किंवा मोठे, पण त्याच्यापेक्षा लहान’ अशी. आपली ओळ साधारण अशी होईल :

पावती.व्हेअर(क्रिएटेड_अ‍ॅट: पासून.इन_टाइम_झोन...(पर्यंत + १).इन_टाइम_झोन)

‘इन_टाइम_झोन’ ही मेथड तारखेपासून आपल्या टाइमझोनमधील मध्यरात्र काढते. ‘पर्यंत’मध्ये एक मिळवल्याने पुढची तारीख मिळते, महिना किंवा वर्ष बदलण्याचा विचार रुबी स्वतः करते. ही पद्धत अंगवळणी पडली की लागोपाठच्या महिन्यांचे अहवाल एकमेकांना बरोबर भिडतात, आणि एकही पावती दोनदा मोजली जात नाही किंवा मधल्या फटीत हरवत नाही. ऑल_डेबद्दल वर लिहिले आहे. ती दोन टिंबांची रेंज देते आणि तिचे शेवटचे टोक दिवसाच्या अखेरच्या नॅनोसेकंदाला असते. रोजच्या यादीसाठी ती ठीक आहे, पण पैशांच्या अहवालात मी तीन टिंबांची रेंजच वापरतो.

रिकाम्या तारखेसाठी रुबी २.६ पासून शेवट नसलेली आणि २.७ पासून सुरुवात नसलेली रेंज लिहिता येते, आणि अलीकडच्या सर्व रेल्स आवृत्त्या त्या दोन्ही समजून घेतात. ‘पासून’साठी एक स्कोप (नाव देऊन ठेवलेली निवडीची अट) आणि ‘पर्यंत’साठी दुसरा, असे दोन वेगळे स्कोप मला अधिक पसंत आहेत. तारीख रिकामी असताना स्कोपमधून निल (‘काहीच नाही’) परत आले, तर रेल्स त्याचा अर्थ ‘अट नाही’ असा घेते आणि साखळी तुटत नाही.

वापरणाऱ्याने दिलेला मजकूर तारखेत बदलताना ‘डेट.पार्स’वर विसंबू नये. ही मेथड फार उदार आहे. आपण ५ ऑगस्ट २०२४ हा दिवस ‘०५/०८/२४’ असा लिहितो, डेट.पार्स मात्र त्यातील पहिला आकडा वर्षाचा समजून २४ ऑगस्ट २००५ अशी तारीख देते, आणि चूक झाल्याचे कोठेही दिसत नाही. ब्राउझरच्या तारीख निवडण्याच्या चौकटीतून वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर येतो, तो ‘डेट.आयएसओ८६०१’ने वाचावा. हाताने लिहिलेली तारीख घ्यायचीच असेल, तर ‘डेट.स्ट्रपीटाइम’ला तिचा नमुना स्पष्टपणे द्यावा, आणि न जुळल्यास येणारा अपवाद पकडून वापरणाऱ्याला तसे सांगावे. तो मजकूर थेट क्वेरीच्या ओळीत जोडू नये, हे वेगळे सांगायला नको. रेंज किंवा प्रश्नचिन्हाची जागा वापरली की ते काम रेल्स सुरक्षितपणे करते.

प्रश्न : एकदा भरल्यावर कधीच न बदललेल्या नोंदी शोधता येतात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होय. नोंद तयार करताना रेल्स दोन्ही रकान्यांत एकच वेळ लिहिते, त्यामुळे दोन्ही रकाने समान असलेल्या नोंदी निवडाव्यात. ही अट मजकुराच्या रूपात लिहावी लागते, कारण एका रकान्याची तुलना दुसऱ्या रकान्याशी आहे. उत्तरावर किती विश्वास ठेवावा, हे पुढच्या प्रश्नात पाहू.

प्रश्न : अपडेटेड_अ‍ॅटवरून ‘गेल्या आठवड्यात बदललेले सभासद’ अशी यादी काढली. पत्ता बदललेले काही सभासद तीत नाहीत आणि ज्यांच्या माहितीला कोणी हातही लावला नाही असे अनेक आहेत. हे कसे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : माझ्या मते रेल्समधील सर्वांत जास्त गैरसमज या रकान्याबद्दल आहेत. तो डेटाबेस भरत नाही, अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड भरते, आणि तेही नोंद नेहमीच्या मार्गाने जतन झाली तरच.

प्रथम न दिसणाऱ्या सभासदांकडे पाहू. ‘अपडेट_कॉलम’, ‘अपडेट_कॉलम्स’ आणि ‘अपडेट_ऑल’ या मेथडी थेट डेटाबेसमध्ये लिहितात. त्या वैधतेच्या तपासण्या आणि कॉलबॅक (जतन करताना आपोआप चालणारी कामे) वगळतात आणि अपडेटेड_अ‍ॅटलाही आपण होऊन हात लावत नाहीत. वेगासाठी कोणीतरी पिनकोड दुरुस्त करण्याचे काम अपडेट_ऑलने केले असेल, तर शेकडो पत्ते बदलूनही रकान्यात जुनीच वेळ राहील. तेथे बदलणाऱ्या रकान्यांच्या जोडीला अपडेटेड_अ‍ॅटपुढे टाइम.करंट हेही द्यावे. डेटाबेसच्या खिडकीत बसून कोणी एसक्यूएलची ओळ चालवली असेल, तर रेल्सला त्याची गंधवार्ताही नसते. अनेक नोंदी एकदम घालणारी ‘इन्सर्ट_ऑल’ रेल्स ६ मध्ये आली तेव्हा हे दोन्ही रकाने भरत नव्हती. रेल्स ७ पासून ती भरते. जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत आलेल्या प्रणालीत त्यामुळे दोन काळांतील नोंदींचे वागणे वेगळे असू शकते.

आता विनाकारण दिसणारे सभासद. आपल्या वर्गणीच्या मॉडेलमध्ये (तक्त्याच्या रुबीतील रूपात) सभासदाशी जोडणाऱ्या ‘बिलाँग्ज_टू’च्या पुढे ‘टच’ हा पर्याय लावलेला आहे का, ते पाहावे. तो असेल तर वर्गणीची पावती तयार झाली, बदलली किंवा काढून टाकली की सभासदाचा अपडेटेड_अ‍ॅट पुढे सरकतो, मग सभासदाच्या माहितीत एका अक्षराचाही फरक पडलेला नसो. साठवून ठेवलेली पाने जुनी झाल्याचे कळावे म्हणून ही सोय आहे, आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. आणखी एक कारण असे की, एखाद्या रकान्याचे नाव किंवा स्वरूप बदलताना सगळ्या नोंदी फिरून जतन केल्या गेल्या असतील आणि त्यात खरोखर काही बदलले असेल, तर सगळ्यांना त्या दिवसाची वेळ लागते. काहीही न बदलता केवळ ‘सेव्ह’ म्हटल्याने मात्र वेळ बदलत नाही. रेल्स आधी फरक आहे का ते पाहते.

म्हणून अपडेटेड_अ‍ॅट हा ‘या नोंदीशी संबंधित काहीतरी हलले’ असे सांगणारा रकाना समजावा. आपल्याला ‘पत्ता केव्हा बदलला’ हे हवे आहे, तर ‘पत्ता बदलल्याची वेळ’ असा वेगळा रकाना ठेवून पत्ता बदलेल तेव्हाच तो भरावा. कोणी, काय, कशावरून कशात बदलले हा पूर्ण इतिहास हवा असेल, तर पेपरट्रेल हे जेम (रुबीला जोडायचे तयार पॅकेज) प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवते. तेही नेहमीच्या मार्गाने झालेलेच बदल टिपते, हे ध्यानात असावे. सभासदांना पाठवायच्या पत्रांचे पत्ते या यादीवरून ठरत असतील, तर हा रकाना वेगळा काढण्याचे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये. पत्र जुन्या पत्त्यावर गेल्याचे आपल्याला कधी कळतही नाही.

प्रश्न : दोन तक्ते जोडल्यावर क्रिएटेड_अ‍ॅट संदिग्ध असल्याची चूक येते. (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन्ही तक्त्यांत त्या नावाचा रकाना आहे आणि आपली अट मजकुराच्या रूपात आहे. व्हेअरमध्ये हॅश (रकाना आणि मूल्य यांची जोडी) दिला की रेल्स आपल्या तक्त्याचे नाव स्वतः जोडते; दुसऱ्या तक्त्याची तारीख हवी असेल, तर हॅशमध्ये आधी त्या तक्त्याचे नाव आणि त्याच्या आत रकाना लिहावा. क्रमवारी लावतानाही हीच काळजी घ्यावी.

प्रश्न : तक्ता वाढून चाळीस लाख नोंदींचा झाला आहे आणि एका संस्थेच्या एका महिन्याच्या नोंदी काढायला फार वेळ लागतो. क्रिएटेड_अ‍ॅटवर इंडेक्स केला, तरी फरक नाही. महिना काढण्यासाठी क्वेरीत त्या रकान्याला फंक्शन लावतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या क्वेरीत महिना काढण्यासाठी रकान्याला फंक्शन लावलेले आहे, म्हणून इंडेक्स असूनही उपयोगात येत नाही. इंडेक्समध्ये मूळ वेळा क्रमाने लावलेल्या असतात. फंक्शनचे उत्तर काय येईल हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे डेटाबेसला प्रत्येक ओळ उघडून पाहावी लागते. महिन्याची सुरुवात आणि पुढच्या महिन्याची सुरुवात अशी तीन टिंबांची रेंज द्यावी. पहिल्या उत्तरात टाइमझोनसाठी सुचवलेला मार्ग वेगासाठीही तोच आहे, आणि म्हणूनच मी त्याच्यावर एवढा भर देतो.

आपली अट संस्थेचीही आहे. म्हणून दोन रकान्यांचा एकत्रित इंडेक्स करावा आणि त्यात संस्थेचा रकाना आधी, क्रिएटेड_अ‍ॅट नंतर ठेवावा. समानतेची अट असलेला रकाना आधी असला की डेटाबेस त्या संस्थेच्या नोंदींपाशी थेट पोचतो आणि तेथून महिन्याचा सलग पट्टा वाचतो. क्रम उलटा ठेवला, तर त्या महिन्याच्या सगळ्या संस्थांच्या नोंदी चाळाव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलवर चालू तक्त्याचा इंडेक्स करताना ‘कन्करंटली’ हा पर्याय द्यावा आणि त्या मायग्रेशनमध्ये (तक्त्याची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) ‘डिसेबल_डीडीएल_ट्रॅन्झॅक्शन!’ लिहावे, म्हणजे इंडेक्स तयार होईपर्यंत लोकांचे काम अडत नाही. बदलाच्या आधी आणि नंतर ‘एक्सप्लेन’ चालवून पाहावे. इंडेक्स वापरला जातो की नाही, हे तेथे स्पष्ट दिसते.

प्रश्न : आमच्या मंडळाची नोंदणी लंडनमधून होते, पण काम करणारे काही स्वयंसेवक पुण्यात आहेत. ‘गेल्या सात दिवसांतील नोंदणी’ दोन्हीकडे वेगळी दिसते, आणि मार्च व ऑक्टोबरच्या अखेरीस तर एका तासाचा फरक पडतो. (एक वाचक, लंडन)

उत्तर : ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. २०२४ मध्ये ३१ मार्चचा दिवस तेथे २३ तासांचा आणि २७ ऑक्टोबरचा दिवस २५ तासांचा होता. रेल्समध्ये ‘१.डे’ हा पंचांगातला दिवस आहे आणि ‘२४.अवर्स’ हे मोजलेले तास आहेत; एरवी दोन्हींचे उत्तर एकच येते, त्या दोन रविवारी मात्र येत नाही. आपल्याला दिवस हवे आहेत, म्हणून दिवसच लिहावेत. शिवाय ‘७.डेज.अगो’ हा बरोबर आत्ताच्या वेळेचा, सात दिवसांपूर्वीचा क्षण आहे. सकाळी आणि संध्याकाळी पाहिलेली यादी वेगळी असू नये असे वाटत असेल, तर त्याच्यापुढे ‘बिगिनिंग_ऑफ_डे’ जोडावे.

दिवस कोणाचा धरायचा, हे मात्र मंडळाने ठरवायचे आहे. नोंदणीची अंतिम तारीख लंडनची असेल, तर पुण्यात बसलेल्या स्वयंसेवकालाही लंडनचाच दिवस दिसला पाहिजे, नाहीतर एखाद्या कुटुंबाला मुदत संपल्याचे चुकून कळवले जाईल. अशा ठिकाणी ‘टाइम.यूज_झोन’ या मेथडीने त्या पानापुरता टाइमझोन ‘युरोप/लंडन’ असा पक्का करावा, आणि वेळेच्या शेजारी शहराचे नावही छापावे.

प्रश्न : दर पंधरा मिनिटांनी एक काम चालते. ते मागच्या वेळेनंतर बदललेल्या नोंदी अपडेटेड_अ‍ॅटवरून निवडते आणि दुसऱ्या प्रणालीला पाठवते. महिन्याच्या शेवटी ताळा केला की थोड्या नोंदी पोचलेल्या नसतात. लॉगमध्ये एकही चूक नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या प्रश्नात वरच्या सगळ्या अडचणी एकत्र येतात, शिवाय एक नवी येते. आपण ज्या नोंदी शोधत आहात, त्या बहुधा जतन झाल्या आणि उशिरा पक्क्या झाल्या. अपडेटेड_अ‍ॅटची वेळ रेल्स जतन करण्याच्या क्षणी लिहिते, पण ट्रॅन्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) पूर्ण होईपर्यंत ती नोंद इतरांना दिसत नाही. समजा, एका मोठ्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये दहा वाजून पाच सेकंदांनी एक नोंद जतन झाली आणि ते ट्रॅन्झॅक्शन दहा वाजून दोन मिनिटांनी संपले. आपले काम दहा वाजून एक मिनिटाने चालले. त्याला ती नोंद दिसली नाही, त्याने ‘दहा वाजून एक मिनिटापर्यंतचे झाले’ अशी खूण ठेवली, आणि पुढच्या फेरीत त्याने त्यानंतरच्याच नोंदी मागितल्या. ती नोंद कायमची मागे राहिली. आपली प्रणाली एकाहून अधिक सर्व्हरवर चालत असेल, तर त्यांच्या घड्याळांतील फरकामुळेही हेच घडते, कारण वेळ प्रणालीच्या सर्व्हरची असते, डेटाबेसची नसते.

यावर व्यवहार्य उपाय असा की, प्रत्येक फेरीत खुणेच्या थोडे मागून सुरुवात करावी, आणि किती मागून हे आपल्याकडचे सर्वांत लांब ट्रॅन्झॅक्शन किती वेळ चालते यावरून ठरवावे. त्यामुळे काही नोंदी पुन्हा जातील, म्हणून घेणाऱ्या प्रणालीने त्या नोंदीच्या आयडीवरून ओळखून जुन्या नोंदीवरच लिहाव्यात. ‘अपसर्ट_ऑल’ त्यासाठीच आहे. नोंद दोनदा पोचणे परवडते, न पोचणे परवडत नाही.

तुकड्यातुकड्याने पाठवताना आणखी एक गळती होते. बदलाची वेळ देऊन चालवलेल्या एका अपडेट_ऑलमध्ये हजारो नोंदींना एकच वेळ लागते. आपण पाचशे नोंदींचा तुकडा घेतला आणि पुढच्या वेळी ‘त्या वेळेनंतरच्या’ मागितल्या, तर त्याच वेळेच्या उरलेल्या नोंदी सुटतात. म्हणून क्रम अपडेटेड_अ‍ॅट आणि आयडी अशा दोन रकान्यांवर लावावा आणि खूणही दोन्हींची ठेवावी. नुसती ‘फाइंड_ईच’ येथे चालणार नाही, कारण ती आपण दिलेला क्रम बाजूला ठेवून एरवी प्रायमरी कीच्या, म्हणजे बहुधा आयडीच्या, क्रमाने चालते.

खूण जेसन या मजकुरी स्वरूपातून पाठवत असाल, तर तिचे अंश तपासावेत. रेल्स जेसनमध्ये वेळ लिहिताना सेकंदाचे तीनच दशांश स्थळांपर्यंतचे अंश ठेवते, डेटाबेसमध्ये मात्र सहा असतात. परत आलेली खूण मूळ वेळेपेक्षा किंचित लहान असते, आणि शेवटची नोंद प्रत्येक फेरीत पुन्हा निवडली जाते. ‘आयएसओ८६०१’ या मेथडीला सहा हा आकडा देऊन खूण लिहिली की हा प्रश्न मिटतो.

ताळ्यात उलटा फरकही येत असेल, म्हणजे पलीकडे काही नोंदी जास्त असतील, तर त्या आपल्याकडे काढून टाकलेल्या आहेत. काढून टाकलेल्या नोंदीला अपडेटेड_अ‍ॅट उरतच नाही, त्यामुळे तारखेच्या कोणत्याही अटीत ती सापडणार नाही. नोंद प्रत्यक्ष न काढता ‘काढल्याची वेळ’ हा रकाना भरावा, तो भरताना अपडेटेड_अ‍ॅटही पुढे सरकेल याची खात्री करावी, आणि पलीकडच्या प्रणालीला तो रकाना वाचायला सांगावे. जुन्या फरकासाठी एकदा दोन्हीकडील आयडींच्या याद्या पूर्ण जुळवून पाहाव्या लागतील. ते काम रात्री, तुकड्यातुकड्याने करावे.